नदीपलीकडचं येरवडा

वैशाख आहे, एकोणिसावं शतक अजून निम्मंही सरलेलं नाही. मुळा-मुठेच्या दक्षिण काठावरून तुम्ही पात्रात उतरता. थोडं वरच्या अंगाला, संगमावर, मुळा आणि मुठा एकत्र आल्या आहेत आणि इथून पुढे भीमेकडे निघाल्या आहेत. पण उन्हाळ्यात हा प्रवास नावालाच. काळा कातळ उघडा पडलाय, मधूनमधून डोह, बाकी पाणी घोट्याएवढं. चपला हातात घेऊन तुम्ही सहज पलीकडे जाता. पलीकडे येरवडा, शेताभातांचं साधं गाव. दोन महिन्यांनी आलात तर हीच नदी तुम्हाला अलीकडेच अडवून धरील. या गावाचं पुढचं सगळं प्राक्तन त्या अडवणुकीत आहे, असं मला वाटतं. शहराच्या इतकं जवळ, आणि तरी मध्ये पाणी.

१८५० साली नदीवर दगडी बंधारा होतो. सर जमशेटजी जीजीभाईंनी त्यासाठी मोठी देणगी दिली आहे. पाणी तुंबतं, पात्र बारमाही भरलेलं राहतं. काठावर बाग उभी राहते आणि पुणेकर तिला ‘बंडगार्डन’ म्हणू लागतात. १८६९ला गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांच्या नावाचा दगडी कमानींचा पूल बांधून होतो. त्याच्या टोकांशी बसलेल्या दगडी सिंहांजवळ क्षणभर थांबा. आता पावसाळ्यातही पलीकडे जाता येणार आहे.

पूल झाल्यावर शहराने पलीकडे काय काय पाठवलं, ते पाहा. पूल पुरा होण्याच्या सुमारास डेक्कन कॉलेज तिथल्या आपल्या गॉथिक इमारतीत गेलेलंच असतं. १८७१ला तुरुंग येतो. पुढे मनोरुग्णालय. विद्यार्थी, कैदी, मनोरुग्ण: ज्यांना गावाच्या गजबजाटापासून दूर ठेवायचं, त्यांची जागा नदीपलीकडे.

१८७९. बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात कॉलेजच्या होड्या आहेत. आवारात दोन तरुण फिरतायत, त्यांच्यामागून चाला. एक बळवंतराव टिळक, दुसरे गोपाळराव आगरकर. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, असं त्यांचं चाललंय. २ जानेवारी १८८०ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू होते.

कॉलेजपासून तुरुंग फार लांब नाही. पण अठरा वर्षं पुढे जावं लागेल. १८ एप्रिल १८९८, सकाळ. प्लेगच्या काळात ब्रिटिश अधिकारी रँडवर गोळी झाडणारे दामोदर हरी चापेकर हातात गीता घेऊन फाशीच्या तख्ताकडे चालले आहेत. ती गीता टिळकांनी दिलेली. राजद्रोहाची शिक्षा भोगणारे टिळक याच तुरुंगात आहेत. पुढच्या वर्षी दामोदरपंतांचे दोघे भाऊ, बाळकृष्ण आणि वासुदेव, इथेच फासावर जातात.

सप्टेंबर १९३२ला मात्र तुम्हाला जास्त वेळ थांबावं लागेल. तुरुंगाच्या अंगणात आंब्याचं झाड, खाली लोखंडी खाट. २० तारखेच्या दुपारपासून गांधीजींचा उपवास सुरू आहे. दलितांना मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ रद्द व्हावेत, ही मागणी. बाबासाहेब आंबेडकर खाटेजवळ येतात. त्यांच्या जागी उभं राहून पाहा. वर्षानुवर्षं झगडून मिळवलेला हक्क सोडायचा, की या माणसाच्या मृत्यूचं ओझं आपल्या लोकांच्या माथी येऊ द्यायचं? त्या अंगणात सर्वांत कठीण जागा त्यांची होती, असं मी मानतो. २४ तारखेला सह्या होतात. स्वतंत्र मतदारसंघ जातात. प्रांतिक कायदेमंडळांतल्या ७१ जागांऐवजी १४८ राखीव जागा मिळतात. येरवड्याच्या या अंगणात झालेला करार इतिहासात ‘पुणे करार’ म्हणून नोंदला जातो.

तुरुंगातून पूर्वेला निघा, आगाखान पॅलेसकडे. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तिसऱ्या आगाखानांनी १८९२ला हा वाडा बांधवला. ऑगस्ट १९४२मध्ये त्याभोवती पहारा बसतो आणि गांधीजी, कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आत येतात. सहाव्याच दिवशी, १५ ऑगस्टला, महादेवभाई जातात. सरकार त्यांचा देह बाहेर नेऊ देत नाही. आवारातच अग्नी द्यावा लागतो. २२ फेब्रुवारी १९४४ला कस्तुरबा जातात. त्यांच्या अंगावरची साडी बापूंनी स्वतः कातलेल्या सुताची आहे. चिता विझेपर्यंत ते तिथेच बसून राहतात. बासष्ट वर्षांच्या सोबतीनंतर आता उठून कुठे जाऊ, असा त्यांचा भाव आहे. ६ मे रोजी त्यांची सुटका होते.

आता २०२४ला या. जुना पूल वाहनांना बंद आहे, शेजारून नवे पूल आणि मेट्रो नदी ओलांडतात. कल्याणीनगरच्या काचेच्या इमारतींत हजारो लोक कामाला येतात. पलीकडे नको म्हणून टाळलेल्या या काठावर घराच्या किमती ऐकून छाती दडपते. २५ जुलैला खडकवासला धरणातून विसर्ग वाढतो, तेव्हा पाणी पुन्हा आपली जुनी हद्द मागतं. काठालगतच्या सखल वस्त्यांत राहणारी माणसं गॅस, अंथरुणं, मुलांची दप्तरं उचलून उंचावर धावतात. त्या वेळी कुणाच्या तरी हातातलं ओझं घ्या. आणि पाणी ओसरलं की नदीकाठ सुशोभित करण्याचे नकाशे उघडून पाहा. त्यांत भराव कुठवर येतो, पात्राची रुंदी किती उरते, आणि या वस्त्यांना पुढच्या जुलैत कुठे जायचं म्हणून लिहिलंय, हे तिथे उभं राहूनच विचारा.