तोफखान्याची आकडेमोड आणि माणसाचा चेहरा

चेहऱ्याच्या फोटोच्या इतिहासात आम्हा फौजींचाही हात आहे. 1840 साली व्हिएन्नात जोसेफ पेट्झवाल यांनी पोर्ट्रेटची लेन्स रचली, तेव्हा आकडेमोडीला ऑस्ट्रियन तोफखान्यातले गणित जाणणारे सैनिक होते. एफ/3.6 ची ती लेन्स भरपूर उजेड घेई, त्यामुळे एक्स्पोजरचा वेळ पुष्कळ घटला. फोकल लेंथ लांब, म्हणून कॅमेरा मागे ठेवूनही चेहरा मोठा येई. चेहऱ्याचं प्रमाण बदलतं ते अंतरामुळे. लेन्स फक्त चौकट ठरवते.

हे मी उशिरा शिकलो. बंकरमध्ये एका जवानाचा फोटो वाइड लेन्सने हातभर अंतरावरून काढला होता. तो परतला नाही. फोटो पाहून त्याची आई म्हणाली, "साहेब, हे नाक त्याचं नाही हो."

त्याला बाहेर बोलावून मी दोन मीटर मागे सरकायला हवं होतं.