वावडे, ठसका आणि कोल्हापूरची चूल

मराठीत ‘वावडे’ असा एक नेमका शब्द आहे. कुणाला वांग्याचे वावडे, कुणाला दुधाचे. पुढे हा शब्द इतका पसरला, की कुणाला कामाचे वावडे असते, तर कुणाला खरे बोलण्याचे. पण त्याचे मूळ घर स्वयंपाकघरच. डॉक्टर मंडळी ज्याला ‘ॲलर्जी’ म्हणतात आणि परिभाषाकोश ज्याला ‘अधिहर्षता’ असे भारदस्त नाव देतात, ते आपल्या आज्या-पणज्यांना या साध्या शब्दातून ठाऊक होते. अंगावर लालसर चट्टे उठले, की ‘गांधी उठल्या’ किंवा ‘पित्त उठले’ म्हणत आणि आमसुलाचे पाणी अंगाला लावत. आजार ओळखीचा होता, त्याचे कारण मात्र कुणाला माहीत नव्हते.

मला दोन गोष्टींचे वावडे आहे. एक शेंगदाणा आणि दुसरा धूर. चिमूटभर कूट पोटात गेले, तरी ओठ सुजतात आणि घसा आवळतो. धुरात दहा मिनिटे उभी राहिले, की छातीत शिट्ट्या वाजू लागतात. ही दोन वावडी घेऊन कोल्हापुरात राहणे म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. इथल्या मिसळीवरच्या फरसाणात दाणे, भडंगात दाणे, ठेच्यात दाणे आणि काकडीच्या कोशिंबिरीत कूट. धुराचे म्हणाल, तर हंगामात गुऱ्हाळे पेटतात, ऊस तुटला की फडात पाचट पेटते आणि उन्हाळ्यात गल्लीगल्लीत मिरची भाजली जाते. त्यामुळे मला या दोन्ही गोष्टींचा इतिहास शोधावासा वाटला. ज्याच्याशी रोज झगडायचे, तो आला कुठून, हे तरी कळायला हवे.

आधी वैद्यकाकडे जाऊ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराची चर्चा आहे, मासे आणि दूध एकत्र खाऊ नयेत हे तिथलेच. ‘सात्म्य’ म्हणजे ज्याच्या त्याच्या शरीराला मानवणारे, हा विचारही जुनाच. सुश्रुताने तर डागण्या आणि भाजण्यावरच्या अध्यायात धुराने गुदमरलेल्या माणसाची लक्षणे दिली आहेत. त्याला धाप लागते, शिंका आणि खोकला येतो, डोळ्यांची आग होऊन ते लाल होतात आणि इतर कसलाही वास कळेनासा होतो. हे वर्णन वाचताना मला वाटले, सुश्रुताने मला आमच्या गल्लीतल्या मिरची कांडपाशेजारी उभी असलेली पाहिले की काय!

आधुनिक शास्त्र इथपर्यंत यायला विसावे शतक उजाडावे लागले. फ्रान्सच्या शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचून पाहिले. त्यातून सवय होऊन बळ वाढण्याऐवजी दुसऱ्या वेळी अगदी थोड्या विषानेही कुत्री मेली. १९०२ साली त्यांनी या उलट्या प्रकाराला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले आणि १९१३ साली रिशेंना नोबेल मिळाले. १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. शरीराचे पहारेकरी निरुपद्रवी पाहुण्यालाच चोर समजून झोडपतात, असा त्याचा साधा अर्थ. हा गोंधळ घालणारे रक्तातले प्रथिन, ‘आयजीई’, सापडायला मात्र १९६६-६७ साल उजाडले. तोपर्यंत कितीतरी माणसांना ‘नखरे करतो’, ‘नाजूक आहे’ एवढेच ऐकावे लागले असेल.

आता ताटाकडे वळू. ज्या शेंगदाण्याशिवाय आपले पान हलत नाही, तो मुळात आपला नाहीच! त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेत. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय दर्यावर्दींच्या काळात तो समुद्र ओलांडून या बाजूला आला. जमिनीखाली लागणारे हे नवे कडधान्य आपल्या लोकांनी ओळखीच्या मुगाच्या पंगतीला बसवले आणि नाव दिले भुईमूग. कोल्हापूरची ओळख असलेली मिरचीही तिकडचीच. बटाटा तिकडचा, टोमॅटो तिकडचा. उपवासाची खिचडी घ्या. साबुदाणा होतो तो कंद अमेरिकेचा, त्यातला बटाटा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची आणि कूटही अमेरिकेचे. आपल्या सर्वांत सोवळ्या ताटात सगळे परदेशी पाहुणे! सांगायचा मुद्दा असा, की ‘आपल्याकडे पूर्वापार हेच खातात’ हे वाक्य काही शतकांपुरतेच खरे आहे. ताट बदलत आले आहे आणि एखाद्यासाठी आणखी थोडे बदलले, तर परंपरा बुडत नाही.

व्यवहारात मात्र हे समजावणे सोपे नाही. कोल्हापुरी माणूस जेवायला घालण्यात हात आखडत नाही आणि पाहुण्याने ‘नको’ म्हटलेले त्याला खपत नाही. ‘‘खावा की ओ ताई, एवढ्यानं काय हुतंय?’’ हे प्रेमाने म्हटलेले वाक्य मला सर्वांत जास्त घाबरवते. एका लग्नात मी वाढप्याला विचारले, ‘‘भाजीत दाणे आहेत का?’’ तो म्हणाला, ‘‘दाणे न्हाईत ताई, नुसतं कूट हाय.’’ त्याचे खोटे काहीच नव्हते. त्याच्या लेखी दाणा वेगळा आणि कूट वेगळे. तेव्हापासून मी प्रश्न बदलला आहे. दाणे, कूट, तेल, फोडणी असे एकेक करून विचारते.

तेलाचीही एक गंमत आहे. ॲलर्जी होते ती दाण्यातल्या प्रथिनांमुळे. रिफाइंड तेलात ती बहुतेक उरत नाहीत. पण लाकडी घाण्याच्या तेलात ती राहू शकतात. सध्या लाकडी घाण्याला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. इतरांना ते आरोग्याचे वाटते, मला मात्र बाटलीवरचे नाव दोनदा वाचावे लागते.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. खाल्ल्यावर पोट बिघडले, की ती ॲलर्जीच असे नाही. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन कुणाचे पोट गुडगुडले, तर बहुधा त्याला दुधातली साखर पचत नाही. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी वेगळी आणि ती जिवावर बेतू शकते. बंगळूर-म्हैसूर भागातल्या प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात साधारण २६ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची ‘आयजीई’ सापडली. पण प्रत्यक्ष ॲलर्जी असण्याची शक्यता दिसली ती १.२ टक्के लोकांत. म्हणजे नुसत्या रक्ताच्या अहवालावरून दूध, अंडी, गहू सोडून बसणे धोक्याचे आणि खरी ॲलर्जी असलेल्याला ‘मनाचे खेळ’ म्हणणेही तेवढेच धोक्याचे. घसा आवळू लागला, तर आमसुलाचा उपयोग नाही. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन वेळेवर मिळावे लागते. ते शुद्ध रूपात वेगळे केले जोकिची ताकामिने या जपानी शास्त्रज्ञाने, १९०१ साली. आजही या प्रसंगी पहिले औषध तेच आहे.

आता धुराकडे. कोल्हापूरची भरभराट ज्या गोष्टींवर झाली, त्यांत गूळ मोठा. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि इथल्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण या गोडव्याखाली चुलवाण असते. उसाचा रस निघाल्यावर उरलेली चिपाडे वाळवून त्यातच जाळायची आणि वर काहीलीत रस आटवायचा. काहीलीजवळचा गुळव्या आणि चुलवाणात जाळ घालणारा गडी हंगामभर त्या आचेत आणि धुरात उभे असतात. गुळाच्या भावाची नोंद बाजारात रोज होते, त्या गड्याच्या खोकल्याची होत नाही.

गुऱ्हाळात माझी दोन्ही वावडी एकत्र येतात. रसातली मळी काढायला पूर्वापार रानभेंडीचा चिकट रस वापरतात. पण गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असतो, म्हणून काही ठिकाणी गंधकाचा अंश असलेली हायड्रॉस पावडर टाकली जाते. दम्याच्या काही रोग्यांना या सल्फाइटने धाप लागते. रंगाचा मोह गिऱ्हाइकाचा आणि दम कुणा तिसऱ्याचाच! काळसर गूळ घेण्यात कमीपणा नाही, हे म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

घरातल्या धुराचा इतिहास तर याहून जुना आणि याहून मुका. करवीर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात चूल, तिच्या कडेला वैल आणि कोपऱ्यात शेणींची उतरंड होती. कौलात एक धुराडे होते, पण पावसाळ्यात ओली काटकी पेटेना झाली, की धूर घरातच कोंडे. आजी फुंकणीने फुंकत राही, डोळे पुसत राही आणि खोकत राही. त्या खोकल्याला कुणी आजार म्हणत नसे. बाईच्या जातीला चूल आणि चुलीला धूर, एवढाच हिशोब.

हा हिशोब पहिल्यांदा तपासला दिल्लीत डॉ. एस. पद्मावती यांनी. फुप्फुसाच्या विकाराने हृदय निकामी झालेल्या रुग्णांत, विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकाही मोठ्या संख्येने का, हा प्रश्न त्यांना पडला. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी बोट दाखवले ते स्वयंपाकघरातल्या धुराकडे. पुढे २००९ साली पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी सहकाऱ्यासह ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या श्वसनविकारावर लिहिले, तेव्हा हीच गोष्ट जगापुढे आली.

उपाय शोधणारेही होते आणि त्यात महाराष्ट्र मागे नव्हता. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४० च्या दशकात धूर नळीवाटे बाहेर टाकणारी ‘मगन चूल’ तयार झाली. हैदराबादच्या एस. पी. राजूंनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिकाच काढली. १९८३ साली केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. पण कुठे नळी काजळीने तुंबली, कुठे चूल भेगाळली आणि दुरुस्तीला माणूसच नव्हता. २००२ साली तो कार्यक्रम थांबला. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. तरी सिलिंडर परवडला नाही, की अंगणातली चूल पुन्हा पेटते. आणि हल्ली रस्त्याकडेला ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्या दिसतात. खाणाऱ्याला ती हौस आहे, भाकरी थापणारी बाई मात्र दिवसभर त्याच धुरात बसलेली असते.

मिरचीच्या ठसक्याचे शास्त्र थोडे वेगळे. ती ॲलर्जी नव्हे. मिरचीतला तिखट अंश आपल्या मज्जातंतूंवरच्या, उष्णता ओळखणाऱ्या एका ग्राहकाला चेतवतो. तो ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली शोधला आणि २०२१ साली त्यांना नोबेलमधला वाटा मिळाला. ठसका सगळ्यांनाच लागतो, दमेकऱ्याचा मात्र लवकर थांबत नाही.

सार्वजनिक धुराविरुद्धचे कायदे आधी कारखान्यांसाठी झाले. १९१२ च्या मुंबईच्या धूर-उपद्रव कायद्याची नजर गिरण्यांच्या धुराड्यांवर होती. माणसाच्या तोंडातून निघणाऱ्या धुराला आळा बसायला २००१ साल उजाडले. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ साली कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी कडक झाली. त्याआधी एस.टी.त शेजारच्याने विडी पेटवली, की मला पुढच्या थांब्यावर उतरावे लागे. आज मी त्याला ‘विझवा’ म्हणू शकते. कायद्याने माझी फुप्फुसे सुधारली नाहीत, पण तोंड उघडायचा हक्क दिला.

अन्नाच्या बाबतीत असा हक्क अलीकडे कुठे मिळू लागला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे पाकीटबंद पदार्थांवर शेंगदाणा, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, गव्हातले ग्लुटेन अशा घटकांचा आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइटचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. पण पंगतीला, प्रसादाला आणि शेजारणीने आणलेल्या वाटीला लेबल नसते. तिथे कामाला येतो तो फक्त शेजारधर्म.

हा शेजारधर्म कोल्हापुरात आहे, हे मी अनुभवाने सांगते. इथली कितीतरी मंडळे होळी लहान करतात आणि वाचलेल्या शेणी पंचगंगेच्या स्मशानभूमीला दान देतात. दुसऱ्यासाठी स्वतःची होळी लहान करू शकणाऱ्या गावाला फार काही शिकवायला नको. आमच्या शेजारच्या काकू मिरची भाजायच्या आदल्या संध्याकाळी निरोप धाडतात, मी दुसऱ्या दिवशी सकाळीच रंकाळ्याकडे निघून जाते. त्यांच्या घरच्या जेवणात कूट आता कोशिंबिरीत कालवत नाहीत. मीठ-लिंबासारखे वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्यासह ठेवतात. ज्याला हवे त्याने वरून घ्यावे. त्या पंगतीला मी निर्धास्त बसते.