बेझंटबाई आणि आगपेट्यांच्या कारखान्यातील मुली

डॉ. अ‍ॅनी बेझंट यांचे नाव आपल्याला स्वराज्याच्या चळवळीमुळे ठाऊक आहे. १९१६ साली लोकमान्यांनी एक होमरूल लीग काढली, बेझंटबाईंनी दुसरी. पुढच्याच वर्षी त्या काँग्रेसच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा झाल्या. परंतु १८९३ मध्ये हिंदुस्थानात येण्यापूर्वी लंडनमध्ये गरीब मुलींसाठी त्यांनी जे केले, ते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

लंडनच्या पूर्व भागात बो नावाची वस्ती आहे. तेथे ब्रायंट अँड मे कंपनीचा आगपेट्यांचा मोठा कारखाना होता. कामाला बहुतेक बायका व मुली. उन्हाळ्यात सकाळी साडेसहापासून संध्याकाळी सहापर्यंत काम, तेही उभ्याने. बहिणीबरोबर राहणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलीला आठवड्याला ४ शिलिंग मिळत. त्यांच्या खोलीचे भाडेच २ शिलिंग. जेवण म्हणजे चहा आणि पाव-लोणी, दोन्ही वेळा तेच! भागीदारांना मात्र शेकडा २० हून अधिक नफा वाटला जाई.

त्या तुटपुंज्या मजुरीतूनही दंड कापीत. पाय मळलेले दिसले, दंड. एका खात्यात तर बोलले तरी दंड. एका मुलीने बोटे वाचवायला हात मागे घेतला आणि यंत्रात गुंता झाला. तिला १ शिलिंग दंड झाला, आणि यंत्राला जप, बोटांचे राहू दे, असे वर ऐकावे लागले. मुकादमाचे डोके फिरले की तो हातही उगारी. पांढऱ्या फॉस्फरसने जबडा कुजण्याचा रोग होई तो निराळाच. तो फॉस्फरस इंग्लंडात १९१० पासून कायद्याने बंद झाला.

मला स्वतःला सर्वांत लागले ते केसांचे. आगपेट्यांची खोकी लहान मुलींना डोक्यावरून वाहावी लागत. रोजच्या घासण्याने केस निघून जात आणि पंधराव्या वर्षी डोक्याला टक्कल पडे. डोक्यावर ओझे आपल्या बायकांनाही नवे नाही. पण चुंबळीवर पाण्याचा हंडा आणणे वेगळे आणि कोवळ्या वयात पोटासाठी रोज खोकी वाहणे वेगळे. त्या वयात केस गेलेल्या मुलीला चारचौघांत कसे वाटत असेल, हे आपणा बायकांना सांगायला नको. या मुलींना पिसांच्या टोप्यांची भारी हौस. थोडे थोडे पैसे जमवून त्या टोप्या घेत. ती नुसती हौसच होती की काही जणींना डोके झाकायचे होते, असे आपले माझ्या मनात येते.

बेझंटबाईंनी कारखान्याच्या दाराशी मुलींना गाठून सारे विचारून घेतले आणि २३ जून १८८८ रोजी ‘द लिंक’ या आपल्या साप्ताहिकात छापले. दंड, मार आणि मुलींची टकलेही. जी गोष्ट लाजेने झाकायची ती छापून आल्यावर कंपनी चिडली. आम्ही सुखी आहोत, अशा कागदावर सह्या करा, असे मुलींना सांगण्यात आले. मुलींनी सही केली नाही! आपली बाजू घेणाऱ्या बाईंना खोटे पाडायला त्या तयार नव्हत्या. मग एका मुलीला काहीतरी निमित्त काढून काढून टाकले, आणि जुलैच्या आरंभी सुमारे १,४०० जणी काम सोडून रस्त्यावर आल्या. संप करा असे बेझंटबाईंनी सांगितले नव्हते. तो मुलींनी स्वतःच केला. बाईंनी मग फंड जमवला, मजुरी वाटली. मुलींचे शिष्टमंडळ पार्लमेंटात जाऊन सभासदांनाही भेटले.

जुलैच्या मध्याला कंपनी नमली. दंड बंद झाले, सर्वांना परत घेतले, मुलींची युनियन उभी राहिली. जेवायला कामाच्या जागेपासून वेगळी खोली कबूल झाली. आणि खोकी डोक्यावरून न वाहता त्यासाठी ढकलगाड्या देऊ, हेही कंपनीने कबूल केले.