फिल्लोरा, 11 सप्टेंबर 1965

डोकं सांभाळून उतरा, वरचं झाकण पोलादी आहे. तुम्ही सेंच्युरियन रणगाड्याच्या टरेटमध्ये, डाव्या बाजूला, लोडरच्या जागी उभे आहात. ही रेजिमेंट 17 हॉर्स, म्हणजेच पूना हॉर्स. भारत-पाकिस्तान युद्ध चालू आहे. बाहेर पाकिस्तानातल्या सियालकोट सेक्टरमधली उसाची शेतं आहेत, पण ती तुम्हाला जवळजवळ दिसतच नाहीत. तोफेच्या पलीकडे गनर बसलाय, त्याच्या मागे जरा उंचावर कमांडर. ड्रायव्हर पुढे, खाली. त्याचा फक्त आवाज हेडफोनमध्ये येतो. कोपर आत घ्या. गोळा सुटला की तोफेचा मागचा भाग जोरात आत येतो.

पायाखाली जे थरथरतंय ते रोल्स-रॉइसचं मिटिऑर इंजिन. स्पिटफायर विमानातल्या मर्लिनचंच हे भावंड, फक्त सुपरचार्जर काढलेलं. 650 अश्वशक्ती, आणि ओढायचं वजन पन्नास टनांच्या घरात. पेट्रोल नुसतं पितं. ब्रिटिशांनी 1943 मध्ये जर्मन तोफांपुढे टिकेल असा रणगाडा मागितला. पहिले नमुने युरोपात पोचले मे 1945 मध्ये, तोवर तिथली लढाई संपली होती. तुमच्यापुढची उतरती चिलखती पाटी त्या जर्मन तोफांच्या धास्तीतूनच आली आहे. सरळ येणारा गोळा तिरप्या पाटीवर घसरतो, आणि तेवढ्याच जाडीच्या पोलादातून त्याला जास्त अंतर कापावं लागतं.

‘सॅबो! टँक!’ कमांडर ओरडतो.

तुम्ही गोळा उचलता, आत ढकलता, हात काढता. ‘लोडेड!’ हादरा कानांत नाही, दातांत जाणवतो. रिकामं काडतूस धूर सोडत पायाशी पडतं. सॅबो गोळ्याचं हलकं कवच नळीबाहेर पडताच गळून जातं. पुढे जातो तो टंगस्टनचा बारीक, जड गाभा. तोच समोरच्या पाकिस्तानी पॅटन रणगाड्याचं चिलखत फोडतो. पुढचा गोळा उचला. घाम डोळ्यांत जातोय, पुसायला वेळ नाही.

समोरच्या पॅटनमध्ये अंतर मोजायचं स्टिरिओस्कोपिक यंत्र आहे. कागदावर ते सरस, पण घाईगर्दीत ते नीट जुळवायला बराच सराव लागतो. तुमचा कमांडर डोळ्यांनी अंदाज बांधतो, गनर मारतो, गोळा कुठे पडला ते पाहून दुरुस्ती करतो. माझ्या मते त्या दिवशी हा साधेपणाच कामी आला. चौघांना एकमेकांचं काम पाठ होतं.

मध्येच वजीरवालीच्या दिशेकडून शत्रूचे रणगाडे अंगावर येतात. रेजिमेंटच्या पुढे कमांडिंग ऑफिसर आहेत: लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर, मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले. ते मागे हटत नाहीत. धावा रोखतात आणि एक स्क्वाड्रन व पायदळ घेऊन फिल्लोरावर चाल करतात. जखमी होतात, तरी मागे इस्पितळात जायला नकार देतात. संध्याकाळ व्हायच्या आत फिल्लोरा आपल्या हाती असतं.

लढाई इथे थांबत नाही. 14 तारखेला वजीरवाली, 16 ला जस्सोरान आणि बुतूर-डोग्रांदी ताब्यात येतात. तारापोरांच्या रणगाड्यावर पुन्हा पुन्हा मारा होतो आणि 16 लाच ते धारातीर्थी पडतात. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात नोंद आहे: शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट, आपले नऊ. पुढचं लक्ष्य असलेलं चविंडा मात्र पडलं नाही, आणि 23 सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली. हेही सांगायलाच हवं, कारण त्या माणसांचं शौर्य मोठं ठरवायला अपुरा नकाशा पुरा दाखवायची गरज नाही.

आता वर चढा, बाहेर या. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आहे, आणि तिथल्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन उभा आहे. मुलांना घेऊन जा. त्यांना तोफेची लांबी दाखवाच, पण आतल्या जागेचाही अंदाज घ्यायला सांगा: चार माणसं, दारूगोळा आणि पेट्रोल, सगळं एकाच पोलादी पेटीत.