तीनधारी काडी: बॉम्बे बॉक्सची कुळकथा

इंग्लंडच्या लिलावघरांत 'बॉम्बे बॉक्स' या नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या पेट्या आजही विक्रीला येतात. कुणी त्यांत शिवणाचं सामान ठेवलं असेल, कुणी पत्रं, कुणी हातमोजे. सांगाडा बहुधा चंदनाचा, आणि झाकणावर, कडांवर पांढऱ्या, काळ्या, हिरव्या, तांबूस, चंदेरी ठिपक्यांची इतकी बारीक नक्षी की दुरून ती छापल्यासारखी वाटते. भिंग धरलं की कळतं, छापलेलं काहीच नाही. पांढरा ठिपका हस्तिदंताचा आहे, काळा आबनुसाचा किंवा शिंगाचा, तांबूस पतंगाच्या लाकडाचा, चंदेरी कथलाचा, आणि हिरवा म्हणजे तांब्याच्या क्षारात रंगवलेलं हाड किंवा हस्तिदंत. सुरतेत या कामाला सादेली म्हणतात. मुंबईचं नाव घेऊन जगभर गेलेली ही वस्तू खुद्द मुंबईच्या आठवणीतून जवळजवळ पुसली गेली आहे, म्हणून तिचं कूळ पुन्हा एकदा मांडावंसं वाटतं.

लाकडावर जडकाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो गोव्याचा प्रकार. सतराव्या शतकात पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी तिथल्या कारागिरांनी सागवानी कपाटं घडवली. सागात पटाशीने खाच कोरायची, त्या मापाचा आबनुसाचा किंवा हस्तिदंताचा तुकडा कापायचा आणि खाचेत बसवायचा. तुकडा मोठा असतो, त्याची जागा स्वतंत्र असते, एकेक वर्तुळ आणि एकेक पाकळी वेगळी बसवलेली असते. या कपाटांच्या पायांना नागिणींची किंवा मत्स्यकन्यांची रूपं दिलेली दिसतात. काम अप्रतिम आहे, पण सादेलीशी त्याचं नातं चुलत घराण्याचं आहे. त्या पद्धतीने बॉम्बे बॉक्सचा एक वीतभर पट्टा करायचा म्हटलं तर हजारो खाचा कोराव्या लागतील, आणि इतक्या लहान खाचा कोरणारी पटाशीच नाही.

सादेलीचा कारागीर खाच कोरतच नाही. तो आधी काड्या करतो. लाकूड, शिंग, हाड, धातू, प्रत्येकाची लांब, बारीक, तीन धारांची काडी. ठरलेल्या क्रमाने या काड्या सरस लावून एकमेकींना चिकटवायच्या, वरून दोरा घट्ट गुंडाळायचा आणि सरस वाळू द्यायचा. अशा जुड्या आणखी जुड्यांशी जोडून मोठा ठोकळा करायचा आणि मग बारीक दाताच्या करवतीने तो आडवा कापायचा. अळूवडीचा उंडा कापल्यावर प्रत्येक वडीत तेच वेटोळं निघतं, तसा इथे प्रत्येक चकतीवर तोच तारा किंवा तेच फूल निघतं. नक्षी पृष्ठभागावर काढलेलीच नसते, ती ठोकळ्याच्या पोटातून आरपार गेलेली असते. पातळ चकत्या पेटीच्या लाकडावर शेजारी शेजारी चिकटवल्या, कानशीने आणि घासून सपाट केल्या, झिलई दिली की काम पुरं झालं. एका ठोकळ्यातून एकच फूल कितीतरी वेळा मिळतं, तेही हुबेहूब. म्हणूनच हे इतकं बारीक काम विकण्याजोग्या किमतीत करता आलं.

ही युक्ती कुणाची? एका गावाचं नाव घेणं अवघड आहे. स्पेनमधल्या ग्रनाडात नासरी राजवटीच्या काळात काड्यांच्या जुडीतून कापलेली अशीच बारीक पच्चीकारी होत होती, तिथे तिला तारासेआ म्हणतात. इटलीत पंधराव्या शतकात हाड, शिंग आणि लाकूड यांच्या अशाच पट्ट्या लावलेल्या पेट्या बनत. इराणात शिराझ आणि इस्फहान या शहरांत हीच पद्धत खातम म्हणून सफवी काळात बहरली, आणि आजही तिथे तिचा बाजार जिवंत आहे. भूमध्य समुद्रापासून इराणपर्यंतच्या इस्लामी कलाजगतात भूमितीवर जे प्रेम होतं, त्याच मातीत ही तीनधारी काडी रुजली, एवढं खात्रीने म्हणता येतं.

आपल्या बाजूला ती कशी आली, याचा सर्वांत गाजलेला वृत्तांत जॉर्ज बर्डवुड यांचा. हे बेळगावात 1832 साली जन्मलेले डॉक्टर. मुंबईच्या सरकारी संग्रहालयाची व्यवस्था त्यांनी पाहिली, त्याच संग्रहाचं पुढे भायखळ्याचं आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झालं. हिंदुस्थानातल्या कलाकुसरीवरच्या 1880 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मुंबईच्या या जडकामाचं मूळ शिराझला नेलं आहे, आणि वाट सिंधमार्गे दाखवली आहे. ही वाट मला पटते, पण आगमनाचा काळ मात्र बराच मागे न्यायला हवा. सोळाव्या-सतराव्या शतकात गुजरात आणि सिंधमध्ये बनलेल्या ज्या पेट्या आणि लहान कपाटं युरोपात गेली, त्यांतल्या काहींवर अशीच बारीक काड्यांची नक्षी आहे. म्हणजे मुंबईत इंग्रजांचा जम बसण्याच्या कितीतरी आधी पश्चिम किनाऱ्यावरच्या हातांना ही विद्या ठाऊक होती. शिराझशी येणं-जाणं चालूच राहिलं असणार आणि नवे नमुने येत गेले असणार. पण बीज जुनं होतं.

मग नाव मुंबईचं का पडलं? उत्तर बंदरात आहे. अठराव्या शतकात सुरतेचा व्यापार ओसरला आणि मुंबईचा वाढला, तसे कारागीर आणि व्यापारीही इकडे सरकले, त्यांत पारशी पुष्कळ होते. पेटीगरा हे पारशी आडनाव आजही या धंद्याची खूण सांगतं. आणि या पेटीला जे जे लागतं ते सगळं याच गोदीत उतरत होतं. पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत झांझिबारहून मुंबईला येई आणि इथून लंडनला जाई. चंदन म्हैसूर आणि कानड्यातून येई. काड्यांना सामान तरी किती लागतं! ज्या सुळ्यातून मोठी वस्तू निघणार नाही, त्यातूनही काडी निघते. शिवाय गिऱ्हाईकही याच धक्क्यावरून मायदेशी निघालेलं असायचं. घरच्यांसाठी काहीतरी न्यायचं तर हलकी, सुवासिक, डोळ्यांत भरणारी पेटी त्याला हवीच असे. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हे काम मांडलं गेलं आणि मागणी आणखी वाढली.

योगायोग असा की साधारण 1830 च्या सुमारास इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्स या गावातही काड्यांची जुडी आडवी कापून चित्रं करायला सुरुवात झाली. मुंबईच्या पेट्या तोवर तिकडे पोचलेल्या होत्या, तरी एवढ्यावरून सोयरीक जुळवणं धाडसाचं होईल. पण तुलना करण्यासारखी आहे. तिथे हिरव्या रंगासाठी बुरशीने आतून हिरवं झालेलं ओकचं लाकूड वापरत, आणि नक्षीपेक्षा किल्ले, फुलं, पक्षी यांची चित्रं करण्यावर भर असे. आपल्याकडे भूमिती सुटली नाही. नमुन्यांची नावं 'त्रिकोण गुल', 'एकदाणा' अशी होती.

शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर या विद्येचा सगळा भार एका कोनावर आहे. बिंदूभोवती सहा त्रिकोण बसवायचे तर प्रत्येकाचा कोन 60 अंशांचा हवा. प्रत्येक काडीत अर्ध्या अंशाची चूक झाली की सहा काड्यांत ती तीन अंशांची होते, आणि तिथे सरसाची काळी रेघ उमटते. ती झाकता येत नाही, कारण ठोकळा जिथे कापाल तिथे ती असणारच. म्हणून काडी हातात धरून तासत नाहीत. कठीण लाकडात खाच केलेला साचा असतो, त्यात काडी ठेवायची आणि साच्याच्या कडेला रंधा किंवा कानस टेकेपर्यंत घासायची. साचा अचूक असला की काडी अचूक होते, तेव्हा शिकण्याची खरी सुरुवात साचा करण्यापासून. पुढचा धडा करवतीचा. चकती एक मिलिमीटरची आणि करवतीचा कापही तेवढाच रुंद असेल, तर निम्मा ठोकळा भुश्यात जातो. पातळ पातं ताणून धरणं, हात न अडखळता चालवणं, लाकूड, हाड आणि कथील एकाच कापात ओलांडणं, याला वर्षं जातात.

आणखी एक गोष्ट पुस्तकातून कळत नाही, हवा शिकवते. आडव्या कापाची लाकडी टिकली पावसाळ्यात दोन्ही दिशांनी फुगते, हस्तिदंत जेमतेम हलतो, धातू हलतच नाही. मुंबईच्या दमटपणात बनलेली पेटी शेकोट्यांनी कोरड्या झालेल्या इंग्रजी घरात गेली की टिकल्या सुटायच्या. जुन्या पेट्यांत त्या गळालेल्या जागा दिसतात. सरस जनावराच्या कातड्या-हाडांचा, कोमट पाण्याने सैल होणारा, त्यामुळे दुरुस्ती मात्र करता येते. आजची पक्की रासायनिक चिकटद्रव्यं ही सोय देत नाहीत, हे मला मोठं नुकसान वाटतं.

विसाव्या शतकात मुंबईतली मागणी विरत गेली. काड्या जाड झाल्या, नमुने तेच ते राहिले, आणि स्वस्त आठवणवस्तूंच्या बाजारात बारीक कामाला भाव उरला नाही. पुढे 1986 च्या कायदादुरुस्तीने देशी हस्तिदंताचा आणि 1991 च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. तो बंद व्हायलाच हवा होता, एका पेटीसाठी हत्ती मरणं कुठल्याही नक्षीने भरून निघत नाही. सुरतेत मोजकी कुटुंबं आज हाड, प्लास्टिक, पितळ आणि रंगीत लाकूड वापरून सादेली करतात. प्लास्टिक पाहून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मला तो अन्याय वाटतो. जुन्या कारागिरांनीही मिळेल ते आणि रंग देईल ते वापरलं होतं, कथील तरी लाकूड कुठे आहे?

हस्तिदंत गेला म्हणून ही कला महाराष्ट्रात परत येऊ शकत नाही, असं मला मुळीच वाटत नाही. फणसाचं लाकूड पिवळं, शिसवीचं गर्द काळपट, खैराच्या गाभ्याचं तांबडं, शिवणीचं फिकट पांढरं. कोकणातल्या कुठल्याही सुताराच्या दुकानात फेकायच्या तुकड्यांत यांतली दोन-तीन तरी सापडतील. सुतारकामाच्या सरकारी प्रशिक्षण संस्थांत पहिल्या वर्षी रंधा धरायला शिकवतातच. त्याच रंध्याने 60 अंशांचा साचा, त्यातून सहा काड्या, दोरा आणि सरस, एवढा पाठ त्या वर्षात बसेल. सामानाला खर्च नाही, मुलांना कोन, पोत आणि लाकडाचा स्वभाव एकदमच कळेल, आणि शिकवायला सुरतेचे कारागीर एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. त्यांचे हात थकण्याआधी त्यांना बोलावलं पाहिजे.