भिवंडीतील मोहल्ला समित्या

भिवंडीतील मोहल्ला समित्या हा महाराष्ट्रातील ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहरात १९८८ पासून राबवला गेलेला, पोलीस आणि नागरिक यांच्या सहभागातून जातीय दंगली रोखण्याचा उपक्रम होय. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तो सुरू केला. १९७० आणि १९८४ च्या दंगलींमुळे देशभर कुप्रसिद्ध झालेले भिवंडी शहर डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असतानाही शांत राहिले. त्यामुळे राज्यशास्त्र, समाजशास्त्र, पोलीस प्रशासन आणि आपत्ती व्यवस्थापन या क्षेत्रांच्या दृष्टीने हा उपक्रम महत्त्वाचा ठरला.

पार्श्वभूमी

कामवारी नदीकाठी वसलेले भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. उत्तर प्रदेशातून आलेले मुस्लिम विणकर, जुने कोकणी मुस्लिम, तेलंगणातून आलेले पद्मशाली, आगरी-कोळी समाज आणि सुताचा व कापडाचा व्यापार करणारे मारवाडी व गुजराती व्यापारी अशी या शहराची संमिश्र वस्ती आहे. सूत पुरवणारा, सायझिंग करणारा, माग चालवणारा आणि कापड विकत घेणारा हे सहसा वेगवेगळ्या समाजांतील असल्यामुळे धंद्यात परस्परावलंबन मोठे आहे. मात्र राहण्याच्या वस्त्या बहुतांशी धर्म व जात यांनुसार विभागलेल्या राहिल्या.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली व तिचे लोण जळगाव आणि महाडपर्यंत पोहोचले. तिच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. आयोगाच्या अहवालात दंगलीपूर्वीच्या काळात वाढत गेलेल्या तणावाची तपशीलवार नोंद आहे. तसेच पोलिसांचा पक्षपातीपणा आणि तपासातील गंभीर दोष यांवर कठोर ताशेरे आहेत. मे १९८४ मध्ये भिवंडीत पुन्हा दंगल झाली आणि ती ठाणे व मुंबईत पसरली. या दंगलीत अडीचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

स्वरूप

दंगलप्रवण शहरांत सणांपूर्वी ‘शांतता समिती’ची बैठक बोलावण्याची प्रथा जुनी आहे. या समित्यांत प्रामुख्याने राजकीय पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी असत व तणाव ओसरताच त्यांचे काम थांबे. खोपडे यांचा आक्षेप याच पद्धतीवर होता. वस्तीत प्रत्यक्ष राहणाऱ्या सामान्य माणसाचा तीत सहभाग नसे, आणि पोलीस त्याला भेटत ते बहुधा गुन्हा किंवा दंगल घडल्यानंतरच.

मोहल्ला समित्यांची रचना यापेक्षा वेगळी होती. प्रत्येक समिती एका ठरावीक वस्तीपुरती होती. तिच्यात हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही समाजांतील रहिवासी होते; गुन्हेगारी किंवा चिथावणीखोर पार्श्वभूमी असलेल्यांना दूर ठेवण्यावर भर होता. समितीच्या बैठका तणाव नसतानाही नियमितपणे होत. ठाण्यातील कनिष्ठ पोलीस कर्मचाऱ्यांनाही या कामात गोवण्यात आले. त्यामुळे शिपाई आणि रहिवासी एकमेकांना नावाने ओळखू लागले.

या रचनेचा उपयोग तीन प्रकारे होई. पहिला, अफवेची शहानिशा. एखादी बातमी कानावर येताच ती खरी की खोटी, हे दुसऱ्या समाजातील ओळखीच्या सदस्याकडून ताबडतोब विचारता येई. दुसरा, किरकोळ तंट्यांचा निपटारा. पाण्यावरून, वाहनाच्या धक्क्यावरून किंवा देण्याघेण्यावरून झालेला वाद दोन व्यक्तींचा राहावा, दोन समाजांचा होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. तिसरा, पोलिसांविषयीचा विश्वास. १९७० नंतरच्या चौकशीत पोलिसांच्या निःपक्षपातीपणावरच प्रश्नचिन्ह लागलेले असल्याने हा विश्वास नव्याने उभा करणे आवश्यक होते.

१९९२-९३ ची कसोटी

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर देशातील अनेक शहरांत दंगली झाल्या. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दोन टप्प्यांत ९०० जणांचा मृत्यू झाल्याचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले आहे. भिवंडी मुंबईला लागून असूनही आणि तिचा पूर्वेतिहास रक्तरंजित असूनही तेथे दंगल झाली नाही. खोपडे यांनी या अनुभवावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक मराठीत लिहिले.

सामाजिक शास्त्रांतील अभ्यास

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी ‘एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ’ (२००२) या ग्रंथात अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ आणि अहमदाबाद-सुरत अशा शहरांच्या जोड्यांची तुलना केली आहे. शेजारधर्म, परस्परांच्या घरी जाणे-येणे यांसारखे रोजचे संबंध लहान गावात पुरेसे ठरतात. मोठ्या शहरात मात्र व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये, क्लब अशा दोन्ही समाजांना सामावणाऱ्या संघटित संस्था असल्या तरच शांतता टिकते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन आहे. अशा संस्था बहुधा दीर्घ इतिहासातून घडतात. त्या जाणीवपूर्वक प्रयत्नाने अल्पकाळात उभ्या करता येतात काय, या प्रश्नाच्या संदर्भात वार्ष्णेय यांनी भिवंडीचे उदाहरण दिले आहे.

इतर अभ्यासकांचे सिद्धांत वेगळ्या दिशेने जातात. पॉल ब्रास यांच्या मते दंगली उत्स्फूर्त नसतात. त्या घडवून आणणारी यंत्रणा शहरात सतत कार्यरत असते. स्टीव्हन विल्किन्सन यांनी ‘व्होट्स अँड व्हायोलन्स’ (२००४) मध्ये दंगल थांबणे वा न थांबणे हे राज्य सरकारच्या निवडणुकीतील हितसंबंधांशी जोडले आहे. तथापि १९९२-९३ मध्ये मुंबई आणि भिवंडी ही दोन्ही शहरे एकाच राज्य सरकारच्या अखत्यारीत होती. त्यामुळे त्यांच्यातील फरक समजून घेताना स्थानिक घटकांचा विचार टाळता येत नाही.

आपत्ती व्यवस्थापनाशी संबंध

आपत्तींच्या समाजशास्त्राचे एक प्रवर्तक एन्रिको क्वारांटेली यांनी सहमतीची संकटे आणि संघर्षाची संकटे असा भेद केला. भूकंप, पूर किंवा इमारत कोसळणे अशा प्रसंगी काय करायचे याबाबत समाजात बहुधा एकमत असते. दंगलीत तेच नसते. भिवंडीने दोन्ही प्रकार अनुभवले आहेत. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे पटेल कंपाऊंडमधील जिलानी इमारत कोसळली, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल पोहोचण्यापूर्वीच आसपासच्या रहिवाशांनी ढिगाऱ्याखालील माणसे बाहेर काढण्यास सुरुवात केली होती. अशी मदत आपोआप उभी राहते. संघर्षाच्या संकटात मात्र शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी उभे राहावे याची तयारी आधीच करावी लागते. मोहल्ला समित्या ही अशी पूर्वतयारी होती.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधील ‘आपत्ती’च्या व्याख्येत मानवनिर्मित कारणांचाही समावेश आहे. प्रत्यक्षात दंगलींचा विचार कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणूनच होतो.

मर्यादा आणि टीका

या उपक्रमाचे यश मोजणे कठीण आहे, कारण न घडलेल्या घटनेचे कारण सिद्ध करता येत नाही. १९८४ नंतरचा धडा, यंत्रमाग व्यवसायातील परस्परावलंबन, पोलिसांचा बंदोबस्त आणि समित्यांचे काम यांपैकी कोणत्या घटकाचा वाटा किती, हे वेगळे करून दाखवणे अवघड आहे.

दुसरी मर्यादा सातत्याची आहे. समित्या पोलिसांच्या पुढाकाराने निर्माण झाल्या असल्याने त्यांचे चैतन्य अधिकाऱ्याच्या आस्थेवर अवलंबून राहते आणि अधिकाऱ्याची बदली ठरलेली असते. ५ जुलै २००६ रोजी क्वार्टर गेट भागातील पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादातून जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मरण पावले आणि त्यानंतर दोन पोलीस शिपायांची हत्या झाली. हा संघर्ष हिंदू-मुस्लिम नव्हता. तो पोलीस आणि रहिवासी यांच्यातील होता. ज्या विश्वासावर समित्यांची उभारणी झाली होती, तोच येथे तुटलेला दिसला. पोलीसच वादातील एक पक्ष असतील तेव्हा त्यांनी चालवलेली समिती मध्यस्थी कशी करणार, हा प्रश्न या घटनेने पुढे आणला.

प्रभाव

१९९२-९३ नंतर मुंबईतही मोहल्ला समिती चळवळ सुरू झाली. माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन आयुक्त सतीश सहानी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांचा तीत प्रमुख सहभाग होता. भिवंडीतील रचना पोलीस ठाण्यातून उभी राहिली होती. मुंबईत नागरिकांच्या स्वतंत्र संघटनेलाही स्थान मिळाले. पोलीस आणि नागरिक यांच्या भागीदारीवरील चर्चेत ही दोन्ही प्रारूपे विचारात घेतली जातात.