वायफायचे वेगदर : जुनी आणि नवी उपकरणे

बिनतारी जाळ्यात राउटर आणि त्याला जोडलेले उपकरण ज्या ठरावीक वेगांनी माहितीची देवाणघेवाण करतात, ते वेगदर. माप मेगाबिट प्रतिसेकंद, पुढे नुसते ‘मेबि’. बेळगावातील पेठांची दुकाने, उद्यमबागेतील कारखाने किंवा निपाणीच्या तंबाखूच्या वखारी अशा ठिकाणी जुना बिलाचा प्रिंटर आणि नवाकोरा मोबाइल एकाच राउटरवर आले की हे दर हाताने लावावे लागतात.

१९९७ च्या पहिल्या मानकात १ आणि २ मेबि एवढेच दर होते. १९९९ च्या ‘८०२.११ बी’ने ५.५ आणि ११ आणले. त्याच वर्षीच्या ‘ए’ने ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आणि २००३ च्या ‘जी’ने २.४ गिगाहर्ट्झमध्ये ६ ते ५४ हे आठ दर दिले. ‘एन’, ‘एसी’, ‘एएक्स’ ही मानके शेकडो मेबिंच्या पुढे गेली, तरी २.४ गिगाहर्ट्झवरचे बहुतेक राउटर जुने दर चालू ठेवूनच विकले जातात. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. हा विषय केंद्राचा असल्याने राज्यसीमेच्या अलीकडे कागलला जो नियम, तोच पलीकडे कोगनोळीला.

खरी वाटणी वेगाची नसून वेळेची असते. एका चॅनेलवर एका वेळी सहसा एकच उपकरण बोलू शकते. १,५०० बाइटचे एक पॅकेट १ मेबिने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, ५४ ने पाव मिलिसेकंदाच्या आसपास. म्हणून कोपऱ्यातला एक मंद स्कॅनर साऱ्या दुकानाला ताटकळत ठेवतो. राउटर आपले नाव पुकारणारा बीकन साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी सोडतो, आणि तोही सर्वांत खालच्या अनिवार्य दराने. २५० बाइटच्या बीकनला १ मेबिवर सुमारे २.२ मिलिसेकंद लागतात, ६ वर ०.३५. ऑफिस, पाहुणे, कॅमेरे, बिलिंग अशी चार नावे ठेवली की प्रत्येकाचा बीकन वेगळा सुटतो आणि १ मेबिवर आठ-नऊ टक्के वेळ नुसत्या पुकाऱ्यात जातो. त्याच चॅनेलवर असे तीन राउटर असले, तर पाव वेळ गेलाच.

प्रत्येक दर अनिवार्य, ऐच्छिक किंवा बंद असतो. बीकनमध्ये दर अर्ध्या मेबिच्या मापात लिहितात आणि अनिवार्य असल्यास त्यात १२८ मिळवतात : ६ मेबिचा आकडा १२, अनिवार्य ६ चा १४०. अनिवार्य यादीतला एक जरी दर न जमणारे उपकरण जाळ्यात येऊ शकत नाही. ६ अनिवार्य केला की ‘बी’ जातीचा प्रिंटर बाहेर पडतो, आणि मालकाला वाटते प्रिंटरच बिघडला.

त्यामुळे आधी राउटरमधली जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी, दर नंतर. यादीत ‘बी’ उपकरण नसेल तर १, २, ५.५ आणि ११ बेलाशक बंद करावेत. एखादेच असेल तर त्याच्यासाठी सगळ्या इमारतीला मागे ओढू नये. त्याच्या जवळच्या एकाच राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचे वेगळे नाव द्यावे, जुने दर तिथेच ठेवावेत. जमल्यास त्या प्रिंटरला सरळ केबल ओढावी, हे सर्वांत उत्तम. बाकी ठिकाणी दाट वस्तीच्या जाळ्यात १२ आणि २४ अनिवार्य, ६ आणि ९ बंद ही मांडणी चांगली चालते. शेतातल्या घरी एकच राउटर असेल तर मात्र ६ राहू द्यावा.

खालचे दर बंद केल्याने लांबच्या माणसाचा वेग वाढत नाही, त्याची जोडणी तुटते. मानकानुसार ६ मेबिला उणे ८२ डेसिबेल-मिलिवॉट एवढा क्षीण संकेत पुरला पाहिजे. ५४ ला उणे ६५ लागू शकतो. पत्र्याच्या शेडमध्ये, तंबाखूच्या बोदांच्या थप्पीआड संकेत खाली घसरतो. तिथे उपाय म्हणजे आणखी एक राउटर.

दर बरोबर असूनही एखादा जुना लॅपटॉप जोडला जात नसेल, तर ‘एएक्स’ पद्धत तपासावी. काही जुन्या वायफाय कार्डांच्या ड्रायव्हरना ‘एएक्स’ राउटरचे नावच दिसत नाही. ड्रायव्हर अद्ययावत केला, किंवा २.४ गिगाहर्ट्झवर ‘एएक्स’ बंद ठेवले, की ते दिसू लागते.